देव पाण्यात, बॅलन्स शून्य

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गाणं नेमकं कोण ऐकतं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. स्पर्धक ऐकत नाही. तो बिचारा गात असतो. परीक्षक ऐकतात, पण त्यांचं अर्धं चित्त गाणं संपल्यावर काय बोलायचं यात गुंतलेलं. निवेदिकेच्या कानात आतून कुणीतरी सतत बोलत असतं. वादकांना ऐकावंच लागतं, त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. राहता राहिला घरी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेला पाठीराखा. आणि त्याला तर मरायला फुरसत नसते.

पाठीराखा गाण्यावर पहारा देतो. आपल्या मुलीची तान सुखरूप समेवर येते ना, एवढीच त्याला चिंता. आणि दुसऱ्याच्या मुलाचा सूर कुठे घसरतो ते पकडायला तो डोळ्यांत तेल घालून बसलेला. आपली गात असताना त्याचा श्वास अडकलेला असतो. दुसऱ्याचा गायला उभा राहिला की याला नेमकी तहान लागते. तासाभराच्या कार्यक्रमातलं त्याच्या कानांत खरोखर शिरलेलं गाणं मोजायला घेतलं, तर हिंगाच्या जाहिरातीएवढंही भरणार नाही.

हे शास्त्र मला कुणी शिकवलं नाही. 2008 च्या पावसाळ्यात झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' सुरू झालं ते 2009 च्या फेब्रुवारीपर्यंत चाललं, आणि त्या काळात डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत जो राहिला, त्याला वेगळ्या शिकवणीची गरजच पडली नाही. कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत, ही शेवटपर्यंत टिकलेली पाच पोरं. लोक त्यांना पंचरत्न म्हणू लागले. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, निवेदनाला पल्लवी जोशी. मुलं इतकी गोड आणि इतकी तयारीची, की त्यांच्यावरून भांडायला काही कारणच नव्हतं. म्हणून मग आम्ही ते शोधून काढलं.

सुरुवातीला सगळे तटस्थ असतात. "सगळीच गुणी आहेत हो, कुणाला डावं-उजवं करणार?" हे वाक्य पहिले पंधरा दिवस प्रत्येक घरात ऐकू येतं. माणूस हे वाक्य ज्या दिवशी बोलायचं बंद करतो, त्या दिवशी त्याची निवड झालेली असते. आणि ती गाण्यावरून झालेली नसते. गाण्याचं कारण नंतर जोडलं जातं, लग्न ठरल्यावर पत्रिका जुळवावी तसं.

आमच्याकडचंच बघा. बी विंगमधली आत्या मूळची रत्नागिरीची, त्यामुळे ती प्रथमेशची. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. कोकणातलं पोर आणि तेही नाट्यसंगीत गाणारं, म्हणजे आत्याच्या लेखी निकाल लागलेलाच होता, बाकीचे भाग केवळ उपचार. तळमजल्यावरचे हार्डवेअरचं दुकान असलेले काका लातूरचे, ते रोहितचे. चौथ्या मजल्यावरचं कुटुंब आळंदीकडचं, घरात माळकरी मंडळी. मुलीचं नाव कार्तिकी, गाव आळंदी. याहून आणखी प्रचारसाहित्य काय छापायचं? मी आर्याच्या बाजूचा होतो. ती पुण्याची, माझी बायकोही पुण्याची, त्यामुळे माझं मत लग्नातच देऊन झालेलं होतं.

घोळ घातला तो बाबांनी. सख्ख्या बहिणीला सोडून ते मुग्धाच्या गोटात गेले. नोकरीतली काही वर्षं त्यांनी अलिबागला काढली होती आणि मुग्धा अलिबागची, एवढ्या भांडवलावर. शिवाय पाचांत ती सर्वांत लहान. "एवढीशी पोर, एवढंसं तोंड उघडते आणि काय गाते!" असं म्हणून बाबा चष्मा पुसायचे. आत्याने त्यांना फितूर ठरवलं. "रत्नागिरीचं पाणी पिऊन वाढलास आणि मत अलिबागला?" भाऊबीजेला ओवाळताना सुद्धा तिने हा विषय काढला. बाबांनी ओवाळणीचं पाकीट हातात धरून ठेवलं आणि म्हणाले, "अक्का, गाण्यात राजकारण आणू नकोस." पाकीट मिळेपर्यंत तिने आणलं नाही.

एकदा बाजू ठरली की माणसाच्या गळ्यात आपोआप विद्वत्ता फुटते. लातूरच्या काकांनी जन्मभर नटबोल्ट विकले. गाण्याशी त्यांचा संबंध म्हणजे दुकानातला ट्रान्झिस्टर, आणि तोही बातम्यांसाठी. महिन्याभरात ते 'हरकत', 'मुरकी', 'खर्ज' हे शब्द असे वापरू लागले की जणू दुकानात बरणीत भरून ठेवलेले आहेत. "रोहितचा वरचा पंचम बघितला का काल? खणखणीत!" मी विचारलं, "पंचम म्हणजे नेमका कुठला हो?" काका क्षणभर थांबले. "वरचा," म्हणाले. दुसऱ्याच्या उमेदवाराबद्दल बोलायचं तर एकच वाक्य सर्वांना पुरायचं: "सूर जरा हलला." कुठे हलला, किती हलला, हे विचारायचं नाही. विचारलं तर समोरचा आपल्याकडे अशा दयेने बघायचा की आपलेच कान धुवायला झालेत असं वाटावं.

त्यातून परीक्षक गुण द्यायचे ते आकड्यांत नव्हे, सुरांत. कुणाला 'ध', कुणाला 'नी', फारच जमून आलं तर 'वरचा सा'. शास्त्रीय संगीतातल्या धैवतासारख्या सालस सुराचा इतका अपमान दुसऱ्या कुठल्या काळात झाला नसेल. आमच्या आर्याला एकदा 'नी'च मिळाला तर बायको रात्री जेवली नाही. नी म्हणजे सा व्हायला अर्धं पाऊल कमी, हे मी तिला पेटीवर दाखवायला गेलो, तर त्या अर्ध्या पावलाचा जाबही मलाच द्यावा लागला. घरोघरी हीच भाषा चालू झाली. आमटीला 'नी', भाताला 'ध'. सासूने सुनेच्या पुरणपोळीला 'वरचा सा' दिल्याची एक बातमी ए विंगमधून आली होती, पण तिला दुजोरा मिळाला नाही.

या सगळ्या काळात आमच्याकडे भारनियमन होतं. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक असे, पण ते पाळण्याची सक्ती विजेवर नसे. आपला स्पर्धक गायला उभा राहावा, तबल्याची पहिली थाप पडावी आणि अख्खी सोसायटी काळोखात बुडावी, असं झालं की जिन्यात मेणबत्त्या घेऊन सभा भरायची. ज्याच्या उमेदवाराचं गाणं बुडालं तो यात कट बघायचा. ज्याचं आधीच गाऊन झालेलं असे तो म्हणायचा, "जाऊ द्या हो, दुपारी पुनःप्रक्षेपण असतं." एवढ्यावरून दोन शेजारी आठवडाभर एकमेकांच्या दारात चपला काढत नसत.

पण खरी लढाई टीव्ही बंद झाल्यावर सुरू व्हायची. ती मोबाइलवर होती.

मतदान एसएमएसने. 57575 हा क्रमांक आम्हाला गॅसवाल्याच्या क्रमांकापेक्षा तोंडपाठ झाला होता. तेव्हाचे फोन बटणांचे, एका बटणावर तीन-चार अक्षरं. हवं ते अक्षर येईपर्यंत बटण ठोकत राहायचं. आता यात गंमत अशी की इंग्रजी ए हे अक्षर दोनच्या बटणावर पहिलं, एम सहाच्या बटणावर पहिलं, पी सातच्या बटणावर पहिलं. म्हणजे आर्या, मुग्धा, प्रथमेश यांचं आद्याक्षर एका दाबात उमटायचं. कार्तिकीचा के पाचच्या बटणावर दुसरा. आणि रोहितचा आर सातच्या बटणावर तिसरा. लातूरच्या काकांचा अंगठा म्हणजे अडकित्त्याचं वरचं पातं. एकदा खाली आलं की दोन-तीन बटणं सोबत घेऊन यायचं. तीनदा मोजून दाबायला जावं तर चौथ्यांदा दाबलं जायचं आणि एस उमटायचा. "मराठवाड्यावर अन्याय इथपासून आहे," असं काका म्हणायचे, आणि त्या बटणाकडे बघितलं तर मला ते पटायचं.

एका फोनवरून कितीही मतं देता येत. लोकशाहीच्या इतिहासात ही सोय फार थोड्यांना मिळाली आहे. साध्या मेसेजच्या कैक पट दराने प्रत्येक मताचे पैसे कापले जायचे, म्हणजे एक माणूस एक मत हे जुनाट तत्त्व जाऊन एक रिचार्ज बरीच मतं, असा नवा विचार आला. सोसायटीच्या निवडणुकीत कोरम भरत नाही म्हणून सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा घ्यावी लागते. विधानसभेच्या मतदानाची सुट्टी लागून आली की आमची निम्मी बिल्डिंग अलिबागलाच असते. तीच माणसं इथे नाण्याने कूपन खरवडून, चौदा-सोळा आकडे डोळे बारीक करून वाचत रात्री साडेअकराला रिचार्ज मारत बसलेली मी पाहिली आहेत. दारात आलेल्या माणसाचा फोन मागून घेणं हा रिवाज झाला. इस्त्रीवाला, केबलवाला, गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं, कुणी सुटलं नाही. पोरांना आत्या म्हणाली, "वर्गणी देते, आधी तुमचे फोन इथे ठेवा."

बाबांनी या धामधुमीत एक पराक्रम केला. त्या दिवसांत फोन लावला की समोरच्याने लावून घेतलेलं गाणं ऐकू यायचं आणि तेच गाणं आपल्याला हवं असेल तर चांदणीचं बटण दाबा, अशी सूचना यायची. आत्याने अर्थात एक नाट्यगीत लावून घेतलं होतं. तिला फोन लावताना बाबांच्या हातून चांदणी दाबली गेली. पुढे महिनाभर मुग्धाच्या या कट्टर पाठीराख्याला जो कुणी फोन करी, त्याच्या कानात आधी आत्याच्या गोटाचं नाट्यगीत वाजे. बाबांना पत्ताच नाही. आपलाच फोन आपण कुठे लावतो! त्यांना कळलं ते बिलावरून. ते बंद करायला कुठे मेसेज पाठवायचा हे शोधण्यात दुसरा महिना गेला. आत्याने मात्र त्या काळात भावाला रोज फोन केला. कारण नसताना.

शेवटचे भाग आले तसा विवेक सुटत चालला. कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं. मी दिवाणावर डाव्या बाजूला बसलो असताना आर्याचं गाणं एकदा फार रंगलं, तेव्हापासून माझी ती जागा कायमची झाली. पाठीला रग लागली तरी हलायची सोय नव्हती. आत्याने अंतिम फेरीच्या सकाळी देव पाण्यात घातले. देवघरातल्या देवांत गणपती आला, आणि गणपतीचंच एक नाव प्रथमेश. म्हणजे प्रथमेशला यश यावं म्हणून प्रथमेशालाच बुडवून ठेवलेला. हे मी तिच्या लक्षात आणून दिलं तर म्हणाली, "त्यालाही स्वतःची काळजी असेलच की."

या गदारोळात आमच्या घरात एकच माणूस गाणं ऐकत होतं. आजी. तिला कुणाचंच पडलेलं नव्हतं. तिला कमलेश भडकमकर आणि त्यांची वादक मंडळी आवडायची, त्यातही अमर ओक यांची बासरी. गाण्याच्या दोन कडव्यांमधल्या जागेत बासरी यायची आणि आजीचा हात आपोआप मांडीवर हलायला लागायचा. आम्ही सगळे तेव्हा परीक्षकांच्या चेहऱ्यावरची रेघ वाचत असू. एकदा गाणं संपल्यावर तिने विचारलं, "त्या बासरीवाल्याला मत द्यायचा नंबर कुठला?" असा नंबर नसतो म्हटल्यावर तिला मनापासून आश्चर्य वाटलं. "मग एवढं तुम्ही पाठवता काय?" म्हणाली.

निकालाच्या रात्री कार्तिकी जिंकली. चौथ्या मजल्यावरून टाळ्या, मग टाळ, मग पेढे. पेढा घेऊन आलेल्या माउलींना आम्ही "फार छान झालं हो, गुणी मुलगी" असं म्हणालो, दार लावलं आणि मग जे बोललो ते छापण्यासारखं नाही. पाठीराख्याचं निकालशास्त्र अगदी सोपं असतं. आपला जिंकला तर जनतेचा कौल. दुसऱ्याचा जिंकला तर "अहो, सगळं आधीच ठरलेलं असतं." हे ठरवणारे कोण, ते कुठे बसतात, त्यांना डोंबिवलीकरांचं काय वावडं आहे, हे विचारू नये. मी हा सिद्धान्त त्या एका रात्रीत पाच मजल्यांवर ऐकला, आणि तो मांडणारा प्रत्येक जण आदल्या दिवशीपर्यंत मोबाइल चार्जिंगला लावून मतं पाठवत होता.

पेढा चांगला होता, हे मान्य करायला मला मार्च उजाडला. आज ती सगळी गाणी ऐकतो तेव्हा वाटतं, की त्या मुलीचा आवाज उघडा, मातीतला आणि निडर होता. आम्ही तो तेव्हा ऐकलाच नव्हता. तेव्हा आम्हाला पाणी प्यायचं होतं.

आमचा वेडेपणा भाऊबीजेच्या पाकिटापर्यंत गेला आणि थांबला. सगळीकडे तो तेवढ्यावर थांबत नाही. 2007 सालची गोष्ट. 'इंडियन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वात प्रशांत तमांग नावाचा दार्जिलिंगचा तरुण होता. कोलकाता पोलिसात शिपाई, पोलिसांच्या वाद्यवृंदात गाणारा. त्याच्यासाठी दार्जिलिंगच्या डोंगरातल्या लोकांनी वर्गण्या काढल्या, मतांसाठी पैसा उभा केला. समोर शिलाँगचा अमित पॉल. त्याच्यासाठी मेघालय उठलेलं. अंतिम फेरी 23 सप्टेंबरला झाली आणि तमांग जिंकला. या मतमोहिमेत पुढे होते बिमल गुरुंग. पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर 2007 मध्ये, त्यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. त्या डोंगरावर वर्षानुवर्षं सुभाष घिशिंग यांची सत्ता होती. काही महिन्यांत त्यांना ती सोडावी लागली. वेगळ्या राज्याची जुनी मागणी नव्याने पेटली. एका स्पर्धकाला मतं पाठवता पाठवता उभी राहिलेली माणसांची फळी राजकारण उलथवून बसली. मागणीची मुळं अर्थातच गाण्याहून कितीतरी खोल होती. पण एकाच वेळी, एकाच नावासाठी, इतक्या माणसांना बाहेर काढता येतं याचा साक्षात्कार तिथल्या पुढाऱ्यांना टीव्हीसमोर झाला, एवढं खरं.

आमच्याकडच्या पुढाऱ्यांची मजल फ्लेक्सपर्यंत. स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यांत स्टेशनबाहेर एक फलक लागला होता. त्यावर भाऊ, दादा, अण्णा आणि साहेब असे चढत्या क्रमाने मोठे होत जाणारे चार चेहरे होते, खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट आकाराची रांग होती, आणि उजव्या कोपऱ्यात, क्यूआर कोड हल्ली जिथे असतो तिथे, गाणारं मूल होतं.

पाठीराख्यांना आणखी एक ठाम गैरसमज असतो: आपण घडवलं. हे जरा तपासून बघण्यासारखं आहे. 1995 साली झी टीव्हीवर 'सारेगम' सुरू झालं, सोनू निगम निवेदन करायचा; तिथे निकाल जाणकार परीक्षक द्यायचे, प्रेक्षकाला कुणी विचारत नसे. त्या मंचावरून श्रेया घोषाल आली. मग प्रेक्षकाला विचारायला सुरुवात झाली. 2005 मध्ये 'फेम गुरुकुल'मध्ये अरिजित सिंग होता. देशाने मतं देऊन दुसऱ्यांना जिंकवलं आणि त्याला घरी पाठवलं. 2006 मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या दुसऱ्या पर्वातून नेहा कक्कर बाहेर पडली. पुढे ती त्याच कार्यक्रमात परीक्षकाच्या खुर्चीत बसली आणि तिला बाहेर काढणारे प्रेक्षक आपापल्या सोफ्यावरच राहिले. इतकं अचूक उलट भाकीत आमच्या गल्लीतल्या ज्योतिषालाही जमलेलं नाही.

आणि ज्यांना खरंच जिंकवलं, त्यांना आपण किती दिवस लक्षात ठेवतो? 2005 च्या मार्चमध्ये मुंबईचा अभिजीत सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' झाला तेव्हा मराठी घरांत दिवाळी होती. "आपला माणूस!" असं म्हणत अनोळखी लोक लोकलमध्ये एकमेकांना टाळ्या देत होते. 2024 मध्ये तोच अभिजीत 'बिग बॉस मराठी'त दिसला, तेव्हा आमच्या आत्याने विचारलं, "हा कोण रे? चेहरा ओळखीचा वाटतो." त्या पर्वात तो दुसरा आला; जिंकला सूरज चव्हाण. मतदान फुकट होतं, मोबाइलवर बोट टेकवलं की झालं. आत्याला त्यात काही राम वाटला नाही. पैसे गेल्याशिवाय मत दिल्यासारखं वाटत नाही, असं तिचं म्हणणं. विधानसभेला काही ठिकाणी लोकांचं म्हणणं बरोबर उलटं असतं, पण ते राहू द्या.

मुलांनी मात्र आपल्यापेक्षा जास्त शहाणपणा दाखवला. ज्यांच्या नावाने आम्ही गट पाडले, ती पाचही जणं एकमेकांची दोस्त राहिली. 2021 मध्ये त्याच 'लिटिल चॅम्प्स'मध्ये पाचही जणं परीक्षक म्हणून रांगेने बसली. त्यांना तसं हसत-खिदळत बसलेलं बघून मला जरा फसवल्यासारखंच झालं. आम्ही इकडे बोलाचाली बंद करून बसलेलो आणि ही तिकडे एकमेकांच्या डब्यातलं खातायत!

कडेलोट झाला तो डिसेंबर 2023 मध्ये. प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन यांचं लग्न झालं. एकमेकांशी.

बाबांनी बातमी दोनदा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. मग आत्याला फोन लावला, या वेळी चांदणी न दाबता. "अक्का," म्हणाले, "आपण व्याही झालो." पलीकडे थोडा वेळ काही बोलणं नाही. मग आत्या म्हणाली, "मुलाकडचे आम्ही. पहिला मान आमचा." अलिबाग आणि रत्नागिरी यांच्यातल्या इतक्या वर्षांच्या वैराची सांगता अशी व्हावी आणि दोन्हीकडच्या सेनापतींना निमंत्रणही नसावं, याची बाबांना खंत वाटली. आहेर म्हणून एखादा एसएमएस पाठवावा का, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

गेल्या वर्षी या पाचांपैकी एकाचा कार्यक्रम आमच्या भागात होता. कुणाचा ते सांगत नाही, कारण जे झालं ते कुणाच्याही बाबतीत झालं असतं. सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पडताच धडाधड अंगठे आले, फुलं आली, "आपलं लेकरू" आलं, जुन्या रात्रींच्या आठवणी निघाल्या. लातूरच्या काकांनी तर आपण कोणे एके काळी किती रुपयांचं रिचार्ज मारलं याचा हिशेबही टाकला. आणि मग एकापाठोपाठ एक, सगळ्यांनी तोच प्रश्न विचारला: "पास मिळतील का कुठे दोन?"

तर वाचकहो, यंदाही कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर अशी स्पर्धा चालू असेलच. तुमचंही कुणीतरी 'आपलं' झालं असेल. त्याच्यासाठी खुशाल भांडा, देव पाण्यात घाला, दिवाणाची डावी बाजू अडवा. फक्त स्पर्धा संपल्यावर वर्षा-दोन वर्षांनी ते पोर तुमच्या गावात गायला येईल, तेव्हा पास मागू नका, तिकीट काढा. आमच्या नाट्यगृहाची खिडकी सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उघडी असते. दुपारी जाऊ नका.